पाण्यावर उभं कुणी

माझी मुलगी रेवा हल्ली समुद्रात फळीवर उभ्याने वल्हवायला शिकते आहे. तिची फळी जेमतेम तिच्याएवढी. मोठ्या फळीवर कुणीही उभं राहील, असं तिचं म्हणणं. मला हा हट्ट कळत नाही. एवढीशी फळी तिच्या भाराने पाण्याखालीच जाते, आणि वल्हं थांबलं की घोट्यापर्यंत पाणी चढतं.

काल संध्याकाळी आईला घेऊन किनाऱ्यावर गेले. ऊन समोरून येत होतं. फळी दिसतच नव्हती. हातात वल्हं घेतलेली एक काळी आकृती तेवढी पाण्यावर उभी होती.

बोलता बोलता आई वाळूतून उठली, साडी झटकली आणि तिने पदर डोक्यावरून घेतला.

बाबा होडीत उभ्यानेच वल्हवायचे. ते परतताना लांबून दिसले की आई उठून पदर डोक्यावर घ्यायची. मी सहा वर्षांची असताना एकदा गेले ते आलेच नाहीत. होडी सापडली, ते सापडले नाहीत. त्यानंतर आईच्या डोक्यावर मी पदर पाहिला नव्हता.

"आई, रेवा आहे ती," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

तेवढ्यात आकृती कलंडली, फळी उसळून वर आली आणि रेवाचं हसणं ऐकू आलं. वाट पाहणंही त्या फळीसारखंच असावं. लांबून दिसत नाही, पण माणूस उभा असतो तो त्याच्यावरच.

रेवा पुन्हा फळीवर चढली. आई खाली बसली. पदर मात्र तिने डोक्यावरच राहू दिला.