पाटापासून पाच

पोरगी आत झोळीत होती अन् जेसीबीचं बकेट भिंतीला टेकलं. चुरा सांडला, मी वरडत आत घुसले, पोरीला झोळीतून उपसलं, तिच्या केसात विटांचा भुगा. बाहेर आले तर मशीन थांबलेलं, पण बंद नाय, नुसतं धडधडत उभं.

खोली नवी होती, आमची दोघांची, पाण्याच्या पाटाच्या कडेला. नवरा चांदवडला कांद्याची गाडी भरायला गेलेला. पाट साफ करायला मशीनला वाट पायजे अन् आमची खोली बरोब्बर वाटेत. पाटाचा साहेब म्हणाला, मागं सांगून गेलो होतो ना, पाटापासून पाच सोडून बांधा म्हणून. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, पाच सोडलेच की. साहेबानं टेप लावला. पाच फूट भरलं. तो मीटर म्हणत होता.

"मीटर कापडाला असतो साहेब," मामा म्हणाले, "जमीन फुटातच मोजत्यात."

जमलेली माणसं हसली. मला नाय आलं हसू. पाया आखायच्या दिवशी टेपचं टोक माझ्याच हातात होतं, ही पोरगी पोटात. टेपवर दोन्ही आकडे, एका कडेला फूट, दुसऱ्या कडेला मीटर. मी सातवीपर्यंत शिकले. गुरुजी सांगायचे, मीटर पृथ्वी मोजून काढलाय, ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत एक कोटी भाग केले, त्यातला एक भाग. सव्वातीन फुटाच्या वर भरतो. म्हणून मी तवाच म्हणलं होतं, मामा, पाच फूट का पाच मीटर, साहेबाला एकदा विचारून या ना. मामा मिस्तरीकडं बघून म्हणाले, टेप धरायला बोलवली तर मास्तरीण झाली. मिस्तरी पण हसला. मग मी गप टोक धरून बसले.

मशीनपुढं साहेबानं विचारलं, मोजलं कोणी? चुकून झालं असंल तर संध्याकाळपर्यंत थांबतो, पत्रे-भांडी काढून घ्या. मुद्दाम केलं असंल तर आत्ताच पाडतो, सामानासकट.

मामांनी माझ्याकडं बोट केलं. "ही शिकलेली हाय. हिनंच मोजलं."

सासूबाई कानाशी येऊन पुटपुटल्या, हो म्हण गं, म्हाताऱ्याला चार लोकांत खाली पाहायला लावू नको.

"माझीच चूक साहेब," मी म्हणाले. "मला मीटर कळला नाय."

पत्रे वाचले. त्याच पत्र्यांचा मामांनी गोठा केला, आम्ही अजून पडवीत झोपतो. नवरा आला, त्यानं पण तेच ऐकलं, तेच धरलं, अजून भांडणात काढतो. आता पोरगी शाळेत जाती. परवा तिचं गणित चुकलं तर मामा म्हणाले, आईवर गेली, हिच्या आईनं भरलं घर पाडलं. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. तिला काय सांगू, ती तवा कडेवरच होती.

तुम्हीच सांगा, मशीन पुढ्यात धडधडतंय, लेकराच्या केसात भुगा, अन् सगळे तुमच्या तोंडाकडं बघत्यात. तुम्ही काय म्हणला असता?