डावं बिघडेल शे

माझं काम ऐकण्याचं आहे. धुळ्यात, देवपूरच्या खोलीत बसून मी शाळांसाठी ध्वनिमुद्रित केलेले धडे ऐकतो आणि कुठे खरखर आहे, कुठे एका बाजूचा आवाज दबलाय, ते कळवतो. मी घरातला पहिला पदवीधर. गावात हे काम समजावून सांगितलं की लोक विचारतात, "ऐकाना पगार भेटस?" आणि पुढे जातात.

या कामासाठी मी गायक स्टेजवर घालतात तसले, कानात खोल बसणारे इअरफोन वापरतो. त्यांचं रबर नीट बसलं नाही तर ढोलाचा घुमारा जातो आणि नुसती टिचटिच उरते. नवी जोडी घेतली तेव्हा जुनी गावी नेऊन वडिलांना दिली, कारण त्यांच्या मोबाइलचा आवाज हल्ली गल्लीच्या टोकापर्यंत यायचा. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांची पिठाची गिरणी आहे. माझी पदवी त्या गिरणीवर झाली, हे मी कोणी न विचारताही सांगतो.

आबा गिरणी आवाजावर चालवतात. दाणे संपत आले की दगडांचा सूर चढतो, आणि आबा न बघता नवे दाणे ओतायला हात पुढे करतात. अलीकडे हात वेळेवर पुढे येत नव्हता. दगड कोरडे फिरत आणि पीठ तापून करपायचं. शेजारच्या अक्कांनी डबा उघडून विचारलं होतं, "आबा, आते पीठ भाजीसनच देतस का?" आबांनी ज्वारीला दोष दिला. अक्का पुढचं दळण दुसरीकडे घेऊन गेल्या.

मग एक दिवस आबांचा फोन आला. "तुनं मशीन बिघडेल शे. डावं बोलत नही."

सुट्टीला गेलो. डावा इअरफोन हातात घेतला तर लसणाचा वास आला. रबर काढलं. आतली बारीक जाळी तेलाने भरलेली होती.

"मीच टाकं तेल," माय म्हणाली. "कान जड वाटस म्हने."

"कान चांगला शे," आबा म्हणाले. "तेल उगाच वाया घालं तिने."

तिळाच्या तेलात लसूण कढवून कानात सोडणं हा आमच्या घरातला उपाय आहे. इअरफोनच्या बरोबर येणाऱ्या माहितीत या बिघाडाचा उल्लेख नसतो. मी कापसाने तेल टिपलं, कोरड्या ब्रशने जाळी साफ केली, नवं रबर चढवलं आणि स्वतःच्या कानात घालून पाहिलं. दोन्ही बाजू सारख्या वाजत होत्या. मला फार बरं वाटलं.

आबांनी घातले. "डावं बिघडेलच शे."

आता एकच तपासणी उरली होती. ऑफिसात आम्ही ती सगळ्यात आधी करतो, इथे मी शेवटपर्यंत टाळली होती. डावा त्यांच्या उजव्या कानात घातला आणि उजवा डाव्या कानात. बिघाड इअरफोनबरोबर सरकला तर इअरफोनचा. जागचा हलला नाही, तर इअरफोनचा नाही.

आबांनी लक्ष देऊन ऐकलं. "डावं सुधारनं," ते म्हणाले. "पन उजवं बिघाडी टाकं तू."

पगार मला हेच सांगण्याचा मिळतो. तिथे मात्र मी वायर गुंडाळत बसलो.

संध्याकाळी आबा मोबाइलवर अहिराणी तमाशा बघत बसले. इअरफोन पुन्हा सरळ घातले होते. थोड्या वेळाने डावा काढून त्यांनी मायकडे दिला. "हाई घे तू. बिघडेल शे."

मायने तो कानात घातला. मग एका विनोदावर मोठ्याने हसली आणि म्हणाली, "बिघडेल कसाना? माले तं बठ्ठं ऐकू येस."

आबा तमाशा बघत राहिले. त्यानंतर ते एकदाही हसले नाहीत.

सकाळी गिरणीत गेलो तर त्यांचं स्टूल दुसऱ्या अंगाला होतं. उजवा कान दगडांकडे. दाणे संपत आले आणि हात वेळेवर पुढे आला. पीठ डब्यात पडत असताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवपूरमां कानना डाक्टर बसस ना?"

"बसतो."

"येस मी तुनासंगे." मग डब्यावर झाकण ठेवत म्हणाले, "ते मशीनबी लई ले. त्याले ते बी दखाडू."