परतीची तारीख

उदगीरच्या तहसीलमधल्या रेकॉर्ड कीपरांचं सगळं आयुष्य रेकॉर्ड रूममध्ये गेलं. मी वकिलाचा कारकून, नकलांसाठी कायम त्यांच्या दारात. फाईल बाहेर गेली की तिच्या जागी ते चिठ्ठी ठेवत. कुणी नेली, परत कधी. तारीख घेतल्याशिवाय फाईल सोडत नसत. “रिकामी जागा तशीच सोडत न्हाईत, साहेब,” असं तहसीलदारांनाही ऐकवत. मला वैताग यायचा.

त्यांची बायको गेल्यावर मी भेटायला गेलो. तिच्या साड्या तिच्या बहिणींनी नेल्या होत्या. कपाट उघडंच होतं. मोकळ्या फळीवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. बहिणींची नावं होती, परतीची तारीख कोरी.

ते पाणी घेऊन आले. माझी नजर कुठं आहे ते त्यांनी पाहिलं.

“हिची तारीख कुणाला इचारू?” ते म्हणाले.