बाबली खोबरेकराचं ग्लासगोतलं दुखणं

मालवणच्या बाबली खोबरेकराची अर्धी हयात गोऱ्यांच्या मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून गेली. एवढ्या वर्षांत इंग्रजी आलं ते हुकमापुरतं. दोर सोड, दोर ओढ, डेक धू. स्वतःबद्दल काही सांगायची वेळ त्या भाषेत कधी आलीच नव्हती.

ती वेळ आली छप्पन सालच्या थंडीत. बोट ग्लासगोच्या धक्क्याला लागली आणि बाबली तापाने फणफणला. त्याला इस्पितळात ठेवून बोट पुढच्या सफरीला निघून गेली. लांबच लांब खोली, ओळीने खाटा, आणि आपलं बोलणं कळणारं एकही माणूस नाही. सकाळी नर्स विचारी, कसं वाटतंय? बाबली म्हणे, "गुड." श्वास घेताना बरगडीत सुरी फिरल्यासारखं होई, तरी "गुड". दुसरा शब्दच नव्हता. ती हसून पुढे जाई आणि तो भिंतीकडे तोंड करून पडे. घरी बायकोने, यशोदेने, नुसता कपाळाला हात लावला असता तरी तिला कळलं असतं, असं त्याच्या मनात येई.

शेजारच्या खाटेवर मॅक्फी नावाचा गोदीतला म्हातारा हमाल होता. त्याने एकदा नर्सला थांबवलंच. "कसलं गुड? पीली-वॉली झालाय तो!"

नर्सने ताप पाहिला आणि धावत डॉक्टरला बोलावलं.

मग म्हाताऱ्याने बाबलीला शिकवायला घेतलं. स्वतःचा गाल ओढून पांढऱ्या उशीकडे बोट दाखवलं: पीली-वॉली, म्हणजे असा फिक्कट, आजारी. हात ओल्या धोतरासारखे लोंबते सोडले: वॅबिट, म्हणजे अंगात त्राण नाही. समोरच्या खाटेवर यॉर्कशायरचा एक आचारी होता. तो म्हणाला, आमच्याकडे नुसतं 'बॅडली' म्हणतात. त्यावरून दोघांची जुंपली, आणि इतक्या दिवसांत बाबली पहिल्यांदा हसला. छातीत कळ आली तरी हसला.

बाबली उठून बसू लागला, तोवर मॅक्फी वारला होता.

वैशाखात मुंबईहून आगबोटीने बाबली मालवणला उतरला. बंदरावर यशोदा नव्हती. शेजारची काशीकाकी होती, आणि तिचा चेहरा बघूनच त्याने हातातली ट्रंक खाली ठेवली.

"शिमगो झालो नि गेली रे," काकी म्हणाली. "तुका खंय कळवतलव? तुझी बोट खंय, तू खंय!"

घरी येऊन तो ओटीवर बसला. त्याने विचारलं, "काकी, तिका काय होत होता? तिना काय सांगल्यान?"

"काय सांगतली? बरा वाटणा नाय, इतक्याच."

"आणि तू काय इचारलंस?"

काकीने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "मी म्हटलंय, जरा पड. माका काय ठाऊक, बाबल्या?"

तिच्यावर रागवायचं कशाला? शेजारी तरी ती होती. तो तर सातासमुद्रापार परक्या लोकांना आपलं दुखणं सांगायला शिकत होता. यशोदेच्या छातीत दुखत होतं की पोटात, घेरी येत होती की घास उतरत नव्हता, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं.

बाबली पुन्हा बोटीवर गेला नाही. वाडीत कोणी अंथरूण धरलं की तो उशाशी जाऊन बसे. "कसा वाटता? सगळा सांग," म्हणे, आणि माणूस बोलून थकेपर्यंत ऐके. काही जण कंटाळत. काही जण त्याची वाट बघत.

चौसष्ट साली काशीकाकी आजारी पडली. तो रोज दोघांपुरतं रांधून तिच्याकडे जाऊन बसला. तिने सगळं सांगितलं. दुखणं सांगून संपल्यावर माहेरच्या गोष्टीही सांगितल्या. ती उठली, पण मुलगा आला आणि तिला मुंबईला घेऊन गेला.

बाबली बंदरापर्यंत पोचवायला गेला. बोट दिसेनाशी झाल्यावर बाजारातून बांगडे घेऊन घरी आला, आणि चूल पेटवल्यावर त्याच्या लक्षात आलं, एकट्याला ते जास्त होते.