खांबावरचा ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट

लांबलचक इंग्रजी शब्द आला, की पाट्या रंगवणारे पेंटरकाका हनुवटीखाली हात धरून तो मोठ्याने म्हणत. जबडा जितक्यांदा खाली येईल तितके शब्दाचे तुकडे, आणि तोडायचा तो तिथेच, ही त्यांची तीस वर्षांची पद्धत. बायको विचारायची, "दाढ दुखतेय, की नवं काम मिळालंय?" शब्दाच्या शेपटीला 'लॉजिस्ट' असलं, की गडी कशाचा तरी जाणकार आणि हमखास चिडका, हेही काकांना अनुभवाने ठाऊक होतं.

एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी दवाखान्याबाहेरचा अरुंद खांब दाखवला. "यावर ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट लिहा. नुसत्या 'डोळ्यांचे डॉक्टर'ने वजन पडत नाही."

काकांचा जबडा पाचदा खाली आला. ऑफ, थॅल, मॉ, लॉ, जिस्ट. पाच तुकडे, एकाखाली एक. पण 'ऑफ' जरा ऐसपैस झालं, मग जागा पुरेना, आणि अक्षरं बारीक होत होत 'जिस्ट' मुंगीएवढं उरलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक समोरच्या फुटपाथवर उभे राहून, एकेक डोळा झाकून खांब वाचू लागले. 'जिस्ट'पर्यंत पोचले, की खूश होऊन थेट घरी! डॉक्टर आत माशा मारत बसले.

शेवटी तणतणत त्यांनी काकांना त्याच फुटपाथवर आणून उभं केलं. "बघा, काय करून ठेवलंत! ऑफ, थॅल, मॉ, लॉ... आणि पुढचं 'जिस्ट' कुठे खाल्लंत?"

काकांनी अदबीने दवाखान्याकडे हात केला.

"आत चला साहेब. आजचा पहिला पेशंट आलाय."