कमांडरसाहेबांचं भाषण मी वाचलं

कमांडरसाहेब कुठल्याच पंगतीत आधी जेवायला बसले नाहीत. लग्न असो, बारसं असो, नाहीतर आमच्या आष्ट्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाची कोजागिरी. यजमान हाताला धरून पाटावर बसवायला यायचे आणि हे दाराशी उभे राहून माणसं मोजत राहायचे. सगळी आली का, मागे कोण राहिलं, त्याला आणायला कोण गेलं, हे कळेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. यजमानांना वाटायचं, साहेबांचा काहीतरी मान राहिला. मानाचा काही प्रश्नच नसायचा, त्यांचा आकडा तेवढा जुळलेला नसायचा.

ही खोड त्यांनी घरून आणली होती. त्यांचं घर आटपाडीच्या पलीकडच्या कोरड्या माळावरचं, मेंढरांमागे फिरणारं. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरताना बाप मोजायचा आणि मोजणी पुरी होईपर्यंत भाकरी कुणी मागायची नाही, असा त्या घरचा रिवाज. पुढे हा मुलगा साताऱ्याला बोर्डिंगात राहून शिकला, हवाई दलात वैमानिक झाला. एकाहत्तरच्या लढाईत वरचे साहेब ऐन वेळी आजारी पडले आणि लढाऊ विमानांच्या एका तुकडीची सूत्रं याच्या हाती आली. रिवाज मात्र सुटला नाही. विमानं परतायच्या वेळी हे धावपट्टीच्या कडेला उभे. "मेंढरू काय नि इमान काय," ते म्हणायचे, "सकाळी सोडलं तेवढं सांजंला दिसाय पायजे."

एकदा संघाची सहल औदुंबरला गेली होती. परतताना बस सुटणार तोच साहेबांनी ती थांबवली, कारण एक म्हातारा कमी भरत होता. सगळे कुरकुरले. म्हातारा सापडला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, दुसरा पेला संपवताना. साहेब त्याला एका शब्दाने बोलले नाहीत, फक्त त्याला बसमध्ये चढवलं आणि मग स्वतः चढले. तो म्हातारा मीच होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

माझी नि त्यांची गट्टी जमली ती वर्तमानपत्रामुळे. मी इथल्याच शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यांच्या डोळ्यांचा मधला पडदा अधू झाला होता; कडेचं दिसायचं, समोरचं अक्षर दिसायचं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लेक इस्लामपुरात आपल्या संसारात. मग रोज पाच वाजता मी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचो. "घणाघाती", "ऐतिहासिक", "देदीप्यमान" असलं काही आलं की ते हात वर करून मला थांबवायचे. "गुरुजी, ह्यो फुगा फोडा आनि आत काय हाय ते वाचा." आयुष्यभर पोरांना विशेषणं शिकवलेला मी माणूस. मला ते थोडं लागायचं, पण ते म्हणतील तसं वाचायचो.

आणखी एक सवय होती. कुठलंही काम उरकलं की ते विचारायचे, "चुकलं काय?" त्यांच्या तुकडीत उड्डाण करून आलेली मंडळी गोल करून बसायची आणि पहिली चूक प्रमुखाने स्वतःची सांगायची, मग इतरांनी. इथेही तेच. पिठलं केलं की घास घ्यायच्या आधी सांगणार, "आज मीठ माझ्याकडनं लय पडलंय." संघाच्या वार्षिक सभेत त्यांनी ही पद्धत सुरू करून पाहिली. स्वतःच्या चार चुका सांगितल्या आणि पदाधिकाऱ्यांकडे बघत बसले. त्या वर्षी सभा फार लवकर आटोपली.

सत्काराला ते कधी तयार व्हायचे नाहीत. दर वर्षी मंडळी शाल-श्रीफळाचं विचारायला यायची आणि चहा पिऊन परत जायची. दोन वर्षांपूर्वी मात्र गावातल्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आले तेव्हा साहेब हो म्हणाले. अट एकच. समारंभात त्यांना काही सांगायचं होतं आणि वाईच्या एक बाई त्या वेळी समोर हव्या होत्या. बाईंना ते स्वतः फोन करणार होते.

या बाई म्हणजे श्रीधरची बहीण. श्रीधर त्यांच्या तुकडीतला चोवीस वर्षांचा वैमानिक, वाईच्या एका चांगल्या घरातला. लढाईत एका पुलावर सकाळी एकदा हल्ला झाला, पूल पडला नाही, दुपारी पुन्हा जायचा हुकूम झाला. दोन विमानं गेली, एक परत आलं. परत आलं नाही ते श्रीधरचं. एवढं मला आधीपासून माहीत होतं. बाकीचं साहेबांनी मला भाषण लिहून घ्यायला बोलावलं तेव्हा कळलं. कागदावरचं त्यांना दिसत नव्हतं, शिवाय चारचौघांसमोर बोलताना आपली गाडी अर्ध्यात हिंदी-इंग्रजीवर जाते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सांगायचं, मी लिहायचं आणि व्यासपीठावर मीच वाचायचं, असं ठरलं.

ते खुर्चीत ताठ बसले आणि सांगू लागले. "लिवा. श्रीधर मला म्हनला हुता, सर, सकाळच्याच वाटंनं नगं, ते टपून बसलं असतील, नदीकडनं जाऊ. मी आईकलं न्हाई. मला वरनं घाई हुती, आनि त्यो वयानं लहान हुता. मी म्हनलो, ठरलंय तसंच जायचं. त्यो हुकूम पाळून गेला. चूक माझी हाय, त्याची न्हाई." लढाईनंतर ते वाईला त्या घरी गेले होते, असं त्यांनी सांगितलं. दारात उभे राहिले, आई-वडिलांना नमस्कार केला, तुमचा मुलगा शूर होता म्हणाले आणि परत फिरले. खरं बोलायला धीर झाला नाही. "पन्नास वर्सं झाली, गुरुजी. माझ्या मानसांफुडं, तिच्यादेखत सांगायचं हाय."

मी सगळं उतरवून घेतलं आणि घरी येऊन ते सोडून दुसरंच भाषण लिहिलं.

का लिहिलं, याची कारणं त्या वेळी माझ्याजवळ भरपूर होती. समारंभाला सैन्यभरतीची तयारी करणारी गावातली पोरं येणार. त्यांच्यापुढे या माणसाने स्वतःला का छोटं करून घ्यावं? अध्यक्षांनी फ्लेक्सवर त्यांना गगनवीर केलेलं. त्यांची पंचाईत का करावी? साहेबांवर माझं प्रेम होतं हेही खरं. पण आता माझंही वय झालं, आता तरी खोटं बोलू नये. मुख्य कारण असं की मला माझं लिहिणं फार आवडलं होतं. 'धोका समोर दिसत असतानाही श्रीधरने स्वतःहून पाऊल पुढे टाकले आणि मृत्यूच्या दाढेत हसत झेप घेतली', हे वाक्य जमलं तेव्हा मी एकटाच खोलीत उठून उभा राहिलो होतो. आदल्या संध्याकाळी साहेबांनी मला भाषण वाचून दाखवायला सांगितलं. मी त्यांनी सांगितलेला कागद वाचला, एक शब्द न बदलता. दुसरा कागद तेव्हा माझ्या खिशात होता. डोळ्यांनी अधू माणसासमोर बसून मी हे केलं.

मंगल कार्यालय भरलं होतं. बाई पहिल्या रांगेत, हातात पिशवी, पदर खांद्यावरून घेतलेला. सत्तरी ओलांडलेली बाई वाईहून गाड्या बदलत आली होती. सूत्रसंचालनही माझ्याकडेच. मी साहेबांचं भाषण वाचायला घेतलं, आवाज छान लागला होता. त्या वाक्याला टाळ्या पडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी चोरून साहेबांकडे पाहिलं. त्यांनी हात वर केला होता, पेपर वाचताना करायचे तसाच. मी वाचत राहिलो. शेवटची ओळ होताच ते खुर्चीचा हात धरून उठले आणि अंदाजाने माइकच्या दिशेने चालू लागले.

मग मी जे केलं, ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आभारप्रदर्शन बाकी होतं. ते मी गाळलं आणि माइकवर म्हणालो, "सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभं राहावं." ध्वनियंत्रणेवाल्याला खूण केली. राष्ट्रगीत सुरू झालं आणि साहेब माइकपासून दोन पावलांवर जागच्या जागी सावधान उभे राहिले. ते तसे उभे राहणार हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ते लावलं. बावन्न सेकंद ते हलले नाहीत. राष्ट्रगीत संपलं, माइक बंद झाला आणि फोटो काढायला धावलेल्या गर्दीत ते दिसेनासे झाले. आभार राहिले म्हणून अध्यक्ष तेवढे माझ्यावर रुसले.

बाईंना इस्लामपूरच्या स्टँडवर सोडायचं काम मीच अंगावर घेतलं. साहेबांची नि त्यांची गाठ पडू द्यायची नव्हती, दुसरं काय. साताऱ्याची गाडी लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही फार छान वाचलंत. एक मात्र आज कळलं. आमचे अण्णा शेवटपर्यंत म्हणायचे, पोरगं स्वतःच्या हौसेनं गेलं, आईचा विचार केला नाही. त्यांनी दादाचा फोटो कधी भिंतीला लावू दिला नाही. मी भांडायचे त्यांच्याशी. आज कळलं, अण्णांचंच बरोबर होतं."

तोंडातून एक शब्द तेवढा काढायचा होता. बस उभी होती, वाहक तिकिटं फाडत होता, पाच मिनिटं तरी हातात होती. मी त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली आणून दिली आणि खाली उतरलो.

साहेब मला काहीही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी ते एकटेच एसटीने वाईला गेले. गुडघे दुखत होते, बसच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, तरी लेकीला कळवलं नाही आणि मलाही नाही. तोवर ते भाषण त्यांच्या नावाने एका दैनिकात छापून आलं होतं. ते परत आले त्या दिवशी पाच वाजता मी भीतभीतच गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"तिनं कात्रन दाखिवलं मला," ते म्हणाले. "म्हनली, तुमच्याच भाषनात आलंय की. मी सांगितलं, ते खोटं हाय, खरं ह्ये हाय. तिला वाटलं, मी तिचं मन राखाय बोलतोय. तिला आता खरं वाटंना, गुरुजी." एवढं बोलून त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला. "वाचा."

मी वाचला. त्यानंतरही रोज वाचत राहिलो, कारण त्यांनी येऊ नका असं कधी म्हटलं नाही. त्यांनी हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. कामवालीला, वायरमनला, लेकीला ते पूर्वीसारखेच विचारायचे, चुकलं काय. मला मात्र त्यांनी ते पुन्हा कधी विचारलं नाही. मी वाट पाहायचो. विचारलं की सांगून टाकायचं, असं मनाशी ठरवून जायचो आणि शेअर बाजारापर्यंत सगळं वाचून परत यायचो. गेल्या हिवाळ्यात त्यांना सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं. तिथंही मी पेपर घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशी ते गेले.

शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी घसा बसल्याचं निमित्त केलं. मग तेरावा झाल्यावर गाडी पकडून वाईला गेलो. बाईंचं घर घाटापासून जवळच आहे. त्यांनी ओळखलं, आत घेतलं. मी पाणीही न पिता सगळं सांगितलं: साहेबांनी काय सांगितलं होतं, मी काय लिहिलं, खिशातला कागद, राष्ट्रगीत, इस्लामपूरचा स्टँड. साहेबांनी सांगितलेला कागद मी समारंभाच्याच आठवड्यात फाडून टाकला होता, म्हणून दाखवायला काही नव्हतं. पण या वेळी त्यांना खरं वाटलं. माझ्यासारखा माणूस स्वतःबद्दल इतकं वाईट उगीच सांगणार नाही, हे त्यांनी ओळखलं असावं.

त्या रागावतील, याची माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते खरंच सांगत होते. या इथेच बसले होते. तीन-तीनदा सांगत होते. शेवटी मीच म्हटलं त्यांना, आता पुरे करा, मला त्रास होतो. चहा दिला आणि लावून दिलं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "एवढ्या वयाचा माणूस. मी स्टँडपर्यंत पोचवायलासुद्धा गेले नाही."

मी म्हणालो, चूक तुमची नाही, माझी आहे. त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "दादा नेमकं काय म्हणाला होता? नदीकडून जाऊ, असं? ते सांगत होते तेव्हा मी नीट लक्षच दिलं नाही."

"नदीकडून जाऊ," मी म्हणालो.

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. त्यांना आणखी हवं होतं: तेव्हा तो कुठे उभा होता, आवाज कसा होता, जाताना मागे वळून पाहिलं का. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. हे सगळं माहीत असलेला एकच माणूस होता. तो सांगायला उठला होता आणि मी त्याला सावधान उभं केलं होतं.