दर चढला की एक खोली

आमचे ठाण्याचे घर चार खोल्यांचे होते. पण त्यांतल्या आमच्या किती, हे मुंबईची मोठी बँक ठरवीत असे. आता सांगितले तर लोक हसतात. मी मात्र लग्नानंतरचे पहिले वर्ष त्याच घरात काढले आहे.

हे कलेक्टर कचेरीत कारकून होते. तलावाजवळ घर बांधण्यासाठी ह्यांनी कल्याणच्या एका भाताच्या व्यापाऱ्याकडून कर्ज काढले आणि घर त्याच्याकडे गहाण ठेवले. तो स्वतः बँकेतून पैसा उचलून पुढे लावीत असे. बँकेचा दर हलला की आपलेही व्याज हलणार, असे त्याने सांगितले. ह्यांचा पगार तर हलणारा नव्हता. तेव्हा ह्यांनीच तोड काढली. व्याज कायमचे ठरवून टाकायचे. बँकेचा दर त्या दिवशी शेकडा पाच होता. तो वर गेला, तर प्रत्येक रुपयामागे आमची एक खोली सावकाराच्या ताब्यात. खाली आला, तर प्रत्येक रुपयामागे त्याच्या कल्याणच्या घरातली एक खोली आमच्या ताब्यात.

"कलम दोन्ही बाजूंनी सारखं आहे," हे मला आपले अक्षर दाखवीत म्हणाले. "आणि दर उतरणारच."

तेव्हा पावसाळा होता. व्यापार थंड, बँकेत पैसा पडून. दसऱ्यानंतर कापूस निघतो, व्यापारी रोकड घेऊन देशावर जातात आणि बँकेची तिजोरी आटू लागते, हे ह्यांना कुणी सांगितले नव्हते. दिवाळी झाली आणि दर सहावर गेला. चौथ्या दिवशी सावकाराची विधवा आत्या वळकटी, तांब्या आणि गहाणखताची नक्कल घेऊन दारात उभी राहिली.

"ओटीवर राहायला आल्ये," त्या म्हणाल्या. "दर उतरला की जाईन हो."

पौषात दर सात झाला, माजघर गेले. माघात आठ झाला, स्वयंपाकघर गेले. आम्ही दोघे मागच्या पडवीत. चूल पेटवायची तर मी उंबऱ्याशी उभी राहून "येऊ का?" म्हणून विचारीत असे.

"ये गं बाई," आत्याबाई म्हणत. "मला एकटीला तीन खोल्या काय करायच्यात? पण बँकेपुढे माझं काय चालणार?"

मग आम्ही दोघी एकाच चुलीवर रांधत असू. मोड आलेले वाल न तुटता सोलायला मला त्यांनीच शिकवले.

फाल्गुनात बँकेने दर अर्ध्या रुपयाने उतरवला. हे कचेरीतून जवळजवळ धावत आले. "अर्धं स्वयंपाकघर आपलं!"

दुसऱ्या दिवशी सावकार कल्याणहून आला. दोघांनी सुतळीने जमीन मोजली आणि मधोमध गेरूची रेघ ओढली. चूल त्यांच्या बाजूला गेली, शेजारचा वैल आमच्या. वैलाला जाळ चुलीतूनच मिळतो. तेव्हा जाळ कुणाचा, यावर दोघे पुरुष तासभर बोलत राहिले.

"रेघेवरून उठा दोघे," शेवटी आत्याबाई म्हणाल्या. "मला भाकऱ्या थापायच्यात."

उन्हाळा सरता सरता दर पाचावर आला. आत्याबाई वळकटी बांधून निघाल्या. मला रडू आले, आणि घर परत मिळाले असताना बायको रडते म्हणून हे चिडले.

आषाढात दर तीनवर आला. ह्यांनी लगेच कागद काढला. "कल्याणला आपल्या दोन खोल्या झाल्या. ताबा घ्यायला हवा."

"पण आपल्याला आपलं घर आहे ना?"

"ताबा घेतला नाही तर हक्क जातो."

आम्ही कल्याणला गेलो. सावकाराने कपाळाला हात लावला, पण सहीच केलेली. त्याने भाताचे कोठार आणि आत्याबाईंची खोली मोकळी करून दिली. भाताची पोती पडवीत ठेवावी लागली आणि तिथे भिजून त्यांना मोड आले. आत्याबाईंना जागाच उरली नाही. घर बंद ठेवू नये म्हणून त्या आमच्या ठाण्याच्या घरी राहायला गेल्या. हे रोज पहाटे उठून आगगाडीने ठाण्याच्या कचेरीत जात आणि संध्याकाळी परत येत. वाटेत स्वतःच्या घरावरून जावे लागे, पण ह्यांनी तिकडे कधी वळून पाहिले नाही.

पंधराव्या दिवशी सावकार हात जोडून उभा राहिला. "रावसाहेब, व्याज पाव रुपयाने जास्त घेतो, पण साधा कागद करू. त्यात बँकेचं नाव नको."

"विचार करतो," हे म्हणाले.

मी आतून बाहेर आले. परक्या पुरुषासमोर मी पहिल्यांदाच बोलले. "दसरा झाला की दर पुन्हा चढेल. आता सही केली नाहीत तर मी आत्याबाईंकडे राहायला जाईन. आपल्याच घरी."

नवे गहाणखत झाले. ठाण्याला परतलो तेव्हा आत्याबाईंनी दार उघडले. नवा कागद कळल्यावर त्या खाली बसल्या.

"म्हणजे मी आता कुठल्या कलमाने राहायचं?"

प्रश्न ह्यांना रास्त वाटला. ह्यांनी दौतीकडे हात नेला. मी ती उचलून फडताळात ठेवली आणि जेवणाची तीन पाने मांडली.